एव्हरेस्ट बेस कॅम्पला गटाने जाताना: नियोजन आणि खर्चाची मांडणी

नेपाळमधील एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटर उंचीवर आहे. तिथपर्यंतची वाट तांत्रिक चढाईची नाही. दोर, आइस अ‍ॅक्स किंवा क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाला बांधायचे काटे) नेहमीच्या हंगामात लागत नाहीत, आणि सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्या माणसाला त्या वाटेवर पाय टाकणे अवघड जात नाही. अवघड ठरतात त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे हवा, कारण बेस कॅम्पवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो आणि प्रत्येक शरीर त्याला वेगवेगळ्या गतीने सरावते. दुसरी म्हणजे वेळ, कारण जिथून चालायला सुरुवात होते त्या लुक्ला येथे उतरणारी छोटी विमाने पूर्णपणे हवामानावर अवलंबून असतात. या दोन्हींवर गटाचा ताबा नसतो. म्हणून नियोजनाचा सारा भर एका गोष्टीवर हवा: वाटेत कोणालाही एक दिवस थांबावे लागले किंवा खाली उतरावे लागले, तर ते त्याला आणि गटाला पैशाने व दिवसांनी परवडले पाहिजे. पुढील पायऱ्या याच विचाराने लावलेल्या आहेत आणि त्या महाराष्ट्रातून प्रथमच जाणाऱ्या, स्वतःची आखणी स्वतः करू पाहणाऱ्या गटासाठी आहेत.

१. गट ठरवा आणि नियम लिहून काढा

सहा ते दहा जणांचा गट सोयीचा पडतो. त्याहून मोठ्या गटाला बेस कॅम्पच्या आधीच्या गोरक्षेपसारख्या मुक्कामी, जिथे मोजकेच लॉज आहेत, एकत्र खोल्या मिळणे कठीण जाते. शिवाय लुक्ल्याच्या ट्विन ऑटर किंवा डॉर्नियर विमानात पंधरा-वीसच्या आसपास माणसे बसतात, त्यामुळे मोठा गट अनेकदा दोन विमानांत विभागला जातो. सहापेक्षा कमी माणसे असतील तर गाईडचा खर्च प्रत्येकाच्या अंगावर जास्त येतो.

निघण्याच्या किमान सहा महिने आधी सर्वांनी प्रत्यक्ष एकत्र बसावे आणि पुढील गोष्टी कागदावर लिहून त्यावर सह्या कराव्यात. हा कागद औपचारिक वाटेल, पण शहरात शांतपणे ठरवलेली गोष्ट ४,९०० मीटरवर, डोके ठणकत असताना आणि बाहेर उणे तापमान असताना नव्याने ठरवता येत नाही.

पहिला नियम असा की तब्येतीच्या कारणाने खाली उतरण्याबाबत गाईडचा आणि गटप्रमुखाचा निर्णय अंतिम राहील आणि त्यावर मतदान होणार नाही.

दुसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: जो आजारपणामुळे उतरेल त्याचा उतरण्याचा, जास्तीच्या मुक्कामाचा आणि सोबत जाणाऱ्या माणसाचा खर्च सामाईक निधीतून, म्हणजे सहाव्या पायरीतल्या राखीव रकमेतून, होईल. हा खर्च ज्याचा त्याने करायचा असे ठरले, तर माणूस आपली डोकेदुखी लपवतो. आपल्यामुळे गटाला भुर्दंड नको आणि आपल्याही खिशाला नको, या विचाराने तो आणखी एक मुक्काम वर जातो, आणि उंचीच्या आजारात नेमका तोच एक मुक्काम घातक ठरतो.

तिसरा नियम गळतीचा. पैसे भरल्यानंतर कोणी येणे रद्द केले, तर त्याच्या वाट्याचा सामाईक खर्च परत मिळणार नाही. विमानाचे तिकीट आणि विमा यांचे जे परत मिळेल ते त्याचे.

दोन माणसे नेमा: एक गटप्रमुख आणि एक खजिनदार. ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे देऊ नका.

२. महिना ठरवा

मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन हंगाम योग्य आहेत. जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो, तेव्हा ढगांमुळे विमाने अडकतात आणि वाटेवर जळवा असतात. वसंतात दुपारनंतर ढग येतात, पण गिर्यारोहण मोहिमांचे तंबू बेस कॅम्पवर लागलेले दिसतात. शरदात आकाश अधिक स्वच्छ असते, मात्र रात्री थंडी कडक असते.

आपल्याकडील बहुतेक गट दिवाळीच्या सुट्टीचा विचार करतात. त्यात एक अडचण आहे. आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या काळात नेपाळात दशैं आणि दिवाळीच्या काळात तिहार हे वर्षातील सर्वांत मोठे सण असतात. कार्यालये बंद राहतात, अनेक पोर्टर आणि गाईड घरी जातात, काठमांडूहून बाहेर जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात आणि मजुरीचे दरही चढतात. दिवाळीनंतरचा आठवडा निवडता आला तर उत्तम. सुट्टी मिळणारच नसेल, तर माणसांची बोलणी तीन-चार महिने आधी पक्की करा.

३. दिवसांचा आराखडा आखा

सर्वमान्य वैद्यकीय सूचना अशी आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर जास्तीचा करावा. हे लक्षात घेऊन आखलेला क्रम असा:

पहिला दिवस: लुक्ला (सुमारे २,८५० मीटर) ते फाकदिंग (२,६१० मीटर).
दुसरा: नामचे बाजार (३,४४० मीटर). हिलरी पुलानंतरची चढण लांब आहे. ती सावकाश चढा.
तिसरा: नामचेतच मुक्काम. दिवसा स्यांगबोचेच्या दिशेने ३,८०० मीटरच्या पुढे चढून परत नामचेत झोपायला या.
चौथा: तेंगबोचे (३,८६० मीटर).
पाचवा: दिंगबोचे (४,४१० मीटर).
सहावा: दिंगबोचेतच मुक्काम. गावामागच्या नांगकारत्शांग डोंगरावर जमेल तितके चढून खाली या.
सातवा: लोबुचे (४,९४० मीटर).
आठवा: गोरक्षेप (५,१६४ मीटर), तिथून बेस कॅम्प आणि परत गोरक्षेप.
नववा: पहाटे कालापत्थर, मग उतरून फेरिचे.
दहावा: नामचे.
अकरावा: लुक्ला.
बारावा: लुक्ल्याहून परतीचे विमान.

बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचे शिखर जवळजवळ दिसतच नाही, हे अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळते. शिखर पाहण्यासाठी ५,५०० मीटरच्या वर असलेले कालापत्थर आहे, म्हणून तो दिवस आराखड्यातून काढू नका. तसेच नामचे आणि दिंगबोचे येथील जास्तीचे मुक्काम 'विश्रांतीचे दिवस' समजून खर्च वाचवण्यासाठी कापू नका. कमी दिवसांची, स्वस्त दिसणारी पॅकेजे नेमके हेच दोन दिवस कापतात.

या बारा दिवसांच्या बाहेर काठमांडूत जाताना दोन आणि परतताना तीन दिवस राखून ठेवा. परतीचे तीन दिवस लुक्ल्याच्या विमानासाठी आहेत. लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि चढावर आहे. वैमानिक डोळ्यांना दिसेल त्यावर विसंबून उतरतो, त्यामुळे ढग आले की उड्डाणे थांबतात, कधी सलग दोन-तीन दिवस. काठमांडूहून भारतात परतण्याचे तिकीट ट्रेक संपण्याच्या दुसऱ्याच दिवसाचे काढणे हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत महाग पडणारा सापळा आहे.

आणखी एक बाब. गर्दीच्या हंगामात लुक्ल्याची बहुतेक उड्डाणे काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मन्थली विमानतळावरून होतात. हे ठिकाण काठमांडूपासून सुमारे १३० किलोमीटर, चार-पाच तासांच्या अंतरावर आहे, आणि पहाटेचे विमान गाठण्यासाठी मध्यरात्रीनंतर जीपने निघावे लागते. तिकीट काढताना उड्डाण कोठून आहे हे लेखी विचारा. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते, हेही ध्यानात ठेवा. ज्यांना विमान टाळायचे आहे ते काठमांडूहून जीपने सल्लेरीपर्यंत आणि तिथून पुढे कच्च्या रस्त्याने व पायी लुक्ल्याच्या वाटेला लागू शकतात. पैसे वाचतात, दिवस मात्र वाढतात.

४. कागदपत्रे जमवा

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते, तेही मूळ. सर्वसाधारण प्रौढ प्रवाशाला आधार कार्डावर विमानात बसता येत नाही. १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना यात सवलत आहे. गटातील प्रत्येकाचे कागद स्वतः डोळ्यांनी तपासा, कारण 'आधार आहे ना' असे म्हणत विमानतळावर पोहोचलेला एक जण सर्वांचा दिवस बिघडवू शकतो.

सोबत असावे असे कागद:

– पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र आणि त्याच्या तीन-चार छायाप्रती.
– पासपोर्ट आकाराचे सहा फोटो, परवाने आणि मोबाइलच्या सिमसाठी.
– विम्याची छापील प्रत, पॉलिसी क्रमांक आणि चोवीस तास चालणारा मदत क्रमांक.
– डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे पत्र आणि नेहमीच्या औषधांची चिठ्ठी.
– प्रत्येकाचा रक्तगट, अ‍ॅलर्जी आणि घरच्या दोन व्यक्तींचे संपर्क असलेला एक तक्ता. त्याची एक प्रत गाईडकडे द्या.

गटात अमेरिकेतून किंवा इंग्लंडहून येणारा भाऊ, बहीण किंवा मित्र परदेशी पासपोर्टधारक असेल, तर त्याला काठमांडूला उतरल्यावर व्हिसा घ्यावा लागतो. १५ दिवसांसाठी ३० आणि ३० दिवसांसाठी ५० अमेरिकन डॉलर असा त्याचा दर आहे. या ट्रेकला प्रवासासह १५ पेक्षा अधिक दिवस लागतात, त्यामुळे त्याने ३० दिवसांचाच घ्यावा. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना भारत देतो ते) असले तरी नेपाळात तो परदेशी प्रवासीच ठरतो, आणि त्याचा खर्च वेगळ्या रकान्यात मांडावा लागतो.

वाटेवर दोन परवाने लागतात. एक सगरमाथा (एव्हरेस्टचे नेपाळी नाव) राष्ट्रीय उद्यानाचा आणि दुसरा खुंबू पासाङ ल्हामु गाउँपालिकेचा, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाचा. पहिला काठमांडूत किंवा वाटेवर मोंजो येथे मिळतो, दुसरा लुक्ल्यात. उद्यानाचे शुल्क सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशीयांच्या निम्मे, म्हणजे ३,००० ऐवजी १,५०० नेपाळी रुपये आहे. एजन्सी परवाने काढणार असेल, तर तिने शुल्क कोणत्या दराने लावले आहे ते पाहा.

५. एजन्सी, गाईड आणि पोर्टर

पहिल्यांदा जाणाऱ्या गटाने सगळे स्वतः करण्याचा हट्ट धरू नये आणि सगळेच पॅकेजवर सोपवूही नये, असे माझे मत आहे. लुक्ल्याची तिकिटे, गाईड आणि पोर्टर नेपाळातील नोंदणीकृत एजन्सीकडून घ्यावेत, आणि भारतातून येण्या-जाण्याची तिकिटे, विमा व वाटेवरचे जेवण गटाने स्वतः पाहावे. एजन्सी नेपाळच्या पर्यटन विभागाकडे नोंदलेली आहे का आणि ट्रेकिंग एजन्सीज असोसिएशन ऑफ नेपाळची सदस्य आहे का, हे विचारा. एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकरसाठी परवानाधारक गाईड बंधनकारक केला. खुंबूमध्ये, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागात, या नियमाची अंमलबजावणी तितकी काटेकोर राहिलेली नाही, पण नवख्या गटाने गाईडशिवाय जाऊच नये.

आठ जणांच्या गटाला एक गाईड, एक साहाय्यक गाईड आणि चार पोर्टर लागतात, म्हणजे दोघांमागे एक पोर्टर. साहाय्यक गाईडचा खर्च वाचवण्याचा मोह होतो, पण त्याचे खरे काम लोबुचेच्या रात्री कळते. कोणाला तातडीने खाली न्यावे लागले, तर साहाय्यक त्याच्यासोबत उतरतो आणि उरलेला गट गाईडसोबत राहतो. एकच गाईड असेल, तर एकतर आजारी माणूस एकटा उतरतो किंवा सर्वांचा ट्रेक तिथेच संपतो.

दोघांचे मिळून सामान २० किलोच्या आत ठेवा, म्हणजे पोर्टरला स्वतःचेही काही नेता येईल. पोर्टरचा विमा आहे ना, त्याच्याकडे बूट, गरम कपडे आणि रात्री झोपायला छप्पर आहे ना, हे पाहणे गटाची जबाबदारी आहे. खालच्या डोंगरातून आलेल्या पोर्टरलाही उंचीचा आजार आपल्याइतकाच होतो, आणि सामाईक निधीचा तो दुसरा नियम त्यालाही लागू असला पाहिजे.

एजन्सीकडून लेखी उत्तरे घ्या: मजुरीत कर्मचाऱ्यांचे जेवण आणि मुक्काम धरले आहेत का? त्यांचा लुक्ल्यापर्यंतचा प्रवास कोण देणार? विमान रद्द झाल्यास जास्तीच्या दिवसांची मजुरी किती? आगाऊ रकमेतील किती परत मिळेल?

६. खर्च मांडा

खर्चाचे दोन रकाने करा: ज्याचा त्याचा आणि सामाईक. खाली आठ जणांच्या गटासाठी प्रतिव्यक्ती मांडणीचे उदाहरण भारतीय रुपयांत दिले आहे. हे आकडे मांडणी समजावी म्हणून धरले आहेत. दर हंगामागणिक बदलतात, म्हणून प्रत्येक ओळीपुढे स्वतः मिळवलेला ताजा दर लिहा.

– मुंबई किंवा पुण्याहून काठमांडू, जाऊन-येऊन विमान: २५,०००
– लुक्ला विमान जाऊन-येऊन, मन्थलीच्या जीपसह: २८,०००
– काठमांडूतील मुक्काम, जेवण व स्थानिक प्रवास: १०,०००
– दोन्ही परवाने: ३,०००
– गाईड, साहाय्यक गाईड व पोर्टर यांचा वाटा: १७,२५०
– वाटेवरचे जेवण व मुक्काम, बारा दिवस: ३६,०००
– बक्षिसी: २,७५०
– विमा: ४,०००
– भाड्याचे साहित्य व औषधे: ४,०००

बेरीज १,३०,००० होते. त्यावर २० टक्के, म्हणजे २६,००० रुपये राखीव. अशा रीतीने प्रत्येकाने १,५६,००० रुपयांची तयारी ठेवायची. राखीव रक्कम खजिनदाराकडे निघण्यापूर्वी जमा झालेली असावी. 'लागली तर देऊ' या बोलीवर ती सोडू नये. उरली तर परत वाटायची आहेच.

सामाईक खर्च कसा हलतो ते नीट समजून घ्या. गाईडचा रोज ४,०००, साहाय्यकाचा ३,२०० आणि चार पोर्टरचे प्रत्येकी २,८०० नेपाळी रुपये धरले, तर दिवसाचे १८,४०० आणि बारा दिवसांचे २,२०,८०० नेपाळी रुपये होतात. आठ जणांत प्रत्येकी २७,६०० नेपाळी, म्हणजेच १७,२५० भारतीय रुपये. आता माणसे ठरल्यानंतर दोघे गळाले, तर हाच खर्च सहा जणांत वाटला जाऊन प्रत्येकी २३,००० भारतीय रुपये होतो. गळतीचा नियम आधीच लिहिलेला नसेल, तर हे वाढीव ५,७५० रुपये नेमके कोणी द्यायचे यावरून जुन्या मैत्रीत कडवटपणा येतो.

वाटेवरच्या जेवणाचा अंदाज करताना एक बाब ध्यानात घ्या. सगळे सामान माणसाच्या किंवा जनावराच्या पाठीवरून वर जाते, म्हणून प्रत्येक मुक्कामागणिक दर चढत जातात आणि गोरक्षेपला ते लुक्ल्याच्या कितीतरी पट झालेले असतात. खोलीचे भाडे कमी असते, पण जेवण त्याच लॉजमध्ये घ्यावे अशी अट असते. दाल-भात सर्वांत फायद्याचा, कारण तो पुन्हा वाढतात आणि पोट भरते. गरम पाण्याची अंघोळ, मोबाइल चार्ज करणे, वाय-फाय आणि उकळलेले पाणी यांचे वेगळे पैसे पडतात. ही किरकोळ वाटणारी रक्कम बारा दिवसांत मोठी होते, तेव्हा ती 'ज्याचा त्याचा' या रकान्यात टाका, नाहीतर हिशेब सुटत नाही.

राखीव निधी कशासाठी वापरायचा हेही लिहून ठेवा: जास्तीचे मुक्काम, आजारी माणसासाठी घोडा किंवा जास्तीचा पोर्टर, काठमांडूहून परतीची तारीख बदलण्याचा खर्च, आणि लुक्ल्याला विमाने अडकल्यास भागीदारीत घेतलेले हेलिकॉप्टर. खरेदी किंवा जास्तीची सहल यासाठी त्याला हात लावू नये.

७. पैसा कसा न्यायचा

एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून स्थिर आहे. त्यामुळे चलनाच्या चढउताराची चिंता नाही. मात्र भारतीय परकीय चलन नियमांनुसार नेपाळच्या प्रवासासाठी बँकेतून डॉलर मिळत नाहीत. अनेक एजन्सी दर डॉलरमध्ये सांगतात, त्यांना भारतीय किंवा नेपाळी रुपयांतच लेखी दर मागा. भारतातील आयोजकाकडून पूर्ण पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे आयोजकाने आगाऊ वसूल केलेला आयकर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण सुरुवातीला हातातून जातोच, म्हणून तोही मांडणीत धरा.

शंभर रुपयांपर्यंतच्या भारतीय नोटा नेपाळात सहज चालतात. त्याहून मोठ्या नोटांवर नेपाळने २०१८ मध्ये बंदी घातली होती, आणि त्याबाबतचे नियम पुढे बदलत आले आहेत, म्हणून निघण्यापूर्वीच्या आठवड्यात ताजा नियम पाहून घ्या. काठमांडूत अनेक दुकानांत नेपाळच्या 'फोनपे'च्या (Fonepay, आपले PhonePe नव्हे) क्यूआरवर भारतीय यूपीआय चालते. ही सोय मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. डोंगरात मात्र रोख नेपाळी रुपयेच लागतात. लुक्ला आणि नामचे येथे एटीएम आहेत, पण वीज, नेटवर्क किंवा रोकड यांपैकी काहीतरी नसण्याची शक्यता धरून चाला. नामचेच्या वर एटीएमची आशा ठेवू नका. सगळी रोकड काठमांडूतच काढून ती तीन-चार जणांत विभागून ठेवा.

८. विमा घ्या, आणि तो वाचा

नेहमीच्या परदेश प्रवासाच्या पॉलिसीत ट्रेकिंग बहुधा वगळलेले असते किंवा त्याला उंचीची मर्यादा असते. विमा कंपनीला ईमेलने थेट विचारा: ६,००० मीटरपर्यंतचे ट्रेकिंग, हेलिकॉप्टरने सुटका आणि उंचीच्या आजारावरील उपचार यांना संरक्षण आहे का? हेलिकॉप्टर बोलावण्यापूर्वी कंपनीची परवानगी लागते का? पैसे कंपनी थेट देते की आधी आपण भरायचे? उत्तर लेखी ठेवा. हेलिकॉप्टरचा खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो, आणि हमी मिळाल्याशिवाय ते उडत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. किरकोळ त्रासावरही ट्रेकरना हेलिकॉप्टरने खाली आणून विमा कंपन्यांकडून पैसे उकळण्याचे प्रकार नेपाळात उघडकीस आले, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने त्याची चौकशी केली. म्हणून हेलिकॉप्टरचा निर्णय केवळ कोणी आग्रह करतो म्हणून घेऊ नका. आधी पायी उतरणे शक्य आहे का ते पाहा आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर बोला. पण माणूस चालू शकत नसेल, तर क्षणभरही घुटमळू नका.

९. शरीराची तयारी आणि उंचीचा आजार

चार-पाच महिने आधीपासून आठवड्यातून चार दिवस चालणे किंवा जिना चढणे आणि शनिवार-रविवारी सलग दोन दिवस डोंगर, असा क्रम ठेवा. पुण्यातल्यांना सिंहगड, नाशिक-नगरकडच्यांना कळसूबाई, मुंबईकरांना माथेरानच्या वाटा आहेत. सात-आठ किलोची सॅक घेऊन चढा, आणि उतरण्याचाही सराव करा. तरीही एक गोष्ट स्पष्ट असू द्या: कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर आहे. विरळ हवेची सवय इथे कितीही चढून होत नाही. गटातील सर्वांत दणकट माणूसच कधीकधी पहिल्यांदा आजारी पडतो, कारण तो भरभर चढतो.

प्रत्येकाने डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी ती विशेष काळजीने करावी. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, हे औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते. प्रतिबंधासाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ही प्रचलित मात्रा आहे, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर हे आवर्जून सांगावे. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवी होणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत.

लक्षणे सर्वांना तोंडपाठ हवीत. डोकेदुखी आणि तिच्यासोबत मळमळ, थकवा किंवा चक्कर असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा आजारच समजा. अशा वेळी वर जायचे नाही. त्याच उंचीवर थांबायचे, आणि त्रास वाढला तर उतरायचे. माणूस झोकांड्या देत चालू लागला, असंबद्ध बोलू लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा खोकल्यातून फेस येऊ लागला, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याची ही चिन्हे आहेत. तेव्हा रात्र असली तरी ताबडतोब खाली न्यावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर सोबत ठेवा, पण फक्त त्यावरच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. आकडा चांगला असूनही माणूस आजारी असू शकतो.

फेरिचे येथे १९७३ पासून कार्यरत असलेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे आरोग्य केंद्र आहे आणि हंगामात तिथे उंचीच्या आजारावर माहिती सांगितली जाते. दिंगबोचेच्या जास्तीच्या मुक्कामात तिथे जाऊन ती ऐकता येते. नामचेच्या वर खुंदे गावात एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये सुरू झालेले रुग्णालय आहे. ही दोन्ही ठिकाणे नकाशावर आधीच खूण करून ठेवा.

१०. सामान

लुक्ल्याच्या विमानात साधारण १० किलो सामान आणि ५ किलो हातातले एवढीच मुभा असते. डाऊन जॅकेट आणि उणे तापमानाची स्लीपिंग बॅग विकत घेण्याची गरज नाही. काठमांडूच्या ठमेल भागात त्या दिवसाच्या भाड्याने मिळतात, फक्त घेण्यापूर्वी चेन आणि शिवण तपासा. बूट मात्र स्वतःचे आणि किमान दोन महिने वापरलेले हवेत. याशिवाय थर्मलचे दोन जोड, वारा-पाऊस अडवणारे जॅकेट, लोकरी मोजे, हातमोजे, कानटोपी, अतिनील किरणे अडवणारा गॉगल, सनस्क्रीन, हेडटॉर्च, दोन ट्रेकिंग पोल आणि पॉवर बँक पुरेसे आहे. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते. कोरड्या थंड हवेने येणारा खोकला या भागात फार होतो, म्हणून नाका-तोंडावर ओढायला बफ (गळ्यात घालायची कापडी पट्टी) घ्या. पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि प्रत्येकी दोन बाटल्या न्या, कारण खुंबूमध्ये एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर २०२० पासून बंदी आहे.

गटासाठी एकच औषधपेटी करा आणि ती पोर्टरच्या सामानात न टाकता गाईडजवळ किंवा गटप्रमुखाजवळ ठेवा. पोर्टर पुढे निघून गेलेले असतात.

११. वाटेवर रोज करायच्या गोष्टी

रोज सकाळी निघण्यापूर्वी आणि रात्री जेवणापूर्वी गटप्रमुखाने प्रत्येकाला चार प्रश्न विचारावेत: डोके दुखते का, भूक लागली का, झोप झाली का, लघवी स्वच्छ होते का. उत्तरे वहीत लिहावीत. ही पाच मिनिटे कितीही थकवा असला तरी चुकवू नका, कारण दोन दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की वाढत जाणारा त्रास लगेच दिसतो. मद्य आणि झोपेच्या गोळ्या उतरेपर्यंत टाळा. याक किंवा झोप्क्यांचा (याक आणि गाईच्या संकरातून झालेली ओझ्याची जनावरे) तांडा आला, तर डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला नाही. मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) आणि स्तूप आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, ही तिथल्या लोकांची श्रद्धा आहे आणि ती पाळावी.

खजिनदाराने रोज रात्री लॉजचे बिल तिथेच तपासून भागवावे आणि दिवसाचा खर्च सर्वांसमोर वाचून दाखवावा.

१२. परतल्यावरचा हिशेब

बक्षिसी लुक्ल्यातल्या शेवटच्या रात्री, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हातात स्वतंत्रपणे द्या. एकत्र रक्कम गाईडकडे देऊन वाटप त्याच्यावर सोडू नका. विम्याचा दावा करायचा असेल, तर डॉक्टरांचा अहवाल, हेलिकॉप्टरची पावती आणि औषधांची बिले मूळ स्वरूपात आणा, आणि पॉलिसीत दिलेल्या मुदतीत ती सादर करा. टीसीएस कापला गेला असेल, तर त्याची नोंद आयकर विभागाच्या २६एएस विवरणात आली आहे का ते पाहा. राखीव निधीचा जमाखर्च पावत्यांसह सर्वांना पाठवून उरलेली रक्कम पंधरा दिवसांत परत करा. जो उतरला होता त्यालाही त्याचा समान वाटा मिळाला पाहिजे.